फाटकाबाहेरची बाई

सार्जंट आयोनी मिनॉटने अर्जाच्या पाचव्या रकान्यात ‘होय’ लिहिलं आणि मान वर न करता पान उलटलं.

“गाडी येते ना चालवता?” सुपरिंटेंडंट बेकफर्ड पास्टर टलकना विचारत होते. “आमची जीप प्रार्थनेवर चालत नाही.”

“चर्चची व्हॅन बघा एकदा साहेब. ती प्रार्थनेवरच चालते.”

ठाण्याला पोलिसांचं मन सांभाळणारा पाद्री हवा होता. दोन महिन्यांत तीन शिपाई नोकरी सोडून गेले होते. पास्टरांचं दीक्षापत्र, शिफारशी, सगळं जागच्या जागी होतं. अडलं ते सहाव्या प्रश्नावर: गुन्हेगारांशी कधी संबंध आला?

“आला होता,” पास्टर म्हणाले. “तीन वर्षांपूर्वी डेव्हन रीडचा दफनविधी मी केला.”

आयोनीने ते नाव जसंच्या तसं लिहून घेतलं. डेव्हन तिचा भाऊ, आई एक, बाप वेगळे. पोलिसांच्याच गोळीने मेलेला. आडनाव वेगळं म्हणून ठाण्यात कुणाला पत्ता नव्हता. सार्जंटच्या फिती तिने फार सोसून मिळवल्या होत्या.

“त्या बंदूकवाल्याचा? गावातल्या एकाही चर्चने दार उघडलं नव्हतं.”

“म्हणूनच.”

“कोण कोण होतं?”

“त्याची आई. आणि फाटकाबाहेर एक बाई. मोठी टोपी, काळा चष्मा. शेवटपर्यंत उन्हात उभी होती बिचारी. मी तिला ग्लासभर पाणी नेऊन दिलं.”

“नाव?”

“ते नाही सांगणार.”

“म्हणजे माहीत आहे! पास्टर, त्याची टोळी अजून मोकाट आहे. नाव सांगा, नाहीतर अर्ज इथेच संपला.”

पास्टरांनी मांडीवरची टोपी उचलली. “आज तिचं सांगितलं, तर उद्या तुमची पोरं माझ्यापाशी तोंड उघडतील का?”

त्यांनी पंख्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. आयोनीकडे मात्र एकदाही नाही. तेवढ्यावरून तिला कळलं, त्यांनी आत येताक्षणीच तिला ओळखलं होतं.

“लिही मिनॉट,” बेकफर्ड म्हणाले. “नामंजूर.”

आयोनीने लिहिलं नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि आज त्याची लाजही वाटत नव्हती. ती परेडला राहते तशी ताठ उभी राहिली.

“सर, त्या पाण्यात लिंबू पिळलेलं होतं.”

बेकफर्ड तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हातातलं पेन हळूच टेबलावर ठेवलं.

पास्टरांनी आता कुठे तिच्याकडे पाहिलं.

“साखर संपली होती गं त्या दिवशी, पोरी.”