बशीएवढी रेकॉर्ड

बिरूबुवांच्या गळ्यात बारा महिने मफलर असे. वैशाखात कुत्रीसुद्धा रांजणाखालच्या ओलीत पडून असत, तेव्हाही बुवा मफलरचा पीळ घट्ट करून पारावर येत. कुणी म्हटलं, "बुवा, एक ओवी होऊन जाऊ द्या," की दोन बोटं कंठावर ठेवून मान हलवत. घसा बसलाय, असा त्याचा अर्थ. हा घसा १९८१ साली जो बसला, तो उठायचं नाव घेत नव्हता. न गाता गवई म्हणून इतका मान खाल्लेला माणूस जाफराबाद तालुक्यात तरी दुसरा नव्हता.

हा सगळा मान एका रेकॉर्डचा. त्या साली लोकगीतं भरून न्यायला एका कंपनीची माणसं जाफराबादला उतरली होती. वाडीतला बिरू ढोल वाजवतो, धनगरी ओव्याही म्हणतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. बिरू गेला. कागदावर त्याचं नाव लिहिलं गेलं, माइक समोर आला, साहेबानं बोट वर केलं आणि बिरूच्या तोंडाला कोरड पडली. पाणी पाजलं, गूळ दिला, पाठीवर थापट्या मारल्या. आवाज काही फुटेना. साहेब वैतागून सामान आवरायला लागला, तेव्हा पोर कडेवर घेऊन दारात मजा बघत उभी असलेली त्याची बायको आसराबाई पुढं झाली. "मी म्हनू का?" म्हणाली, आणि मेंढरांमागं फिरताना म्हणायच्या दोन ओव्या तिनं न अडखळता म्हणून टाकल्या. बिरूनं ढोल धरला आणि ओळ संपली की "हो जीऽ" अशी साथ दिली. वाजतात म्हणून साहेबानं तिला बांगड्या उतरवायला लावल्या होत्या. मनगटातले चांदीचे दोन जाड गोठ तेवढे काही केल्या निघाले नाहीत.

बाईमाणूस परक्या पुरुषांपुढं गायलं हे वाडीत कळायला नको, म्हणून दोघंही घरी येऊन गप्प बसली.

पुढच्या उन्हाळ्यात रेकॉर्ड आली. जेमतेम बशीएवढी. वर छापलं होतं, 'बिरू आणि मंडळी'. ती वाजवायला सगळ्या पंचक्रोशीत एकच मशीन, लाउडस्पीकरवाल्या रामकिसनचं. मशीनच्या बाजूला वेग बदलायचा एक खटका होता. तो कधीचाच गंजून एका जागी बसला होता. पण रामकिसनच्या बाकीच्या रेकॉर्डी ताटाएवढ्या, त्यांना तोच वेग लागायचा, म्हणून खटक्याचं दुःख कुणाला नव्हतं. जत्रेत सगळी वाडी भोंग्याखाली जमली, रामकिसननं सुई टेकवली, आणि भोंग्यातून एका पुरुषाचा आवाज आला. भरदार, संथ, खर्जातला. ढोल जमिनीतून आल्यासारखा. आणि मधूनमधून ठण्ण करून एक घंटा.

"आरं बिरू! हा आवाज कुटं लपवून ठेवल्ता?" रामकिसननं त्याला मिठीच मारली.

बिरूनं खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात गळ्यात हार पडला, आणि हार घातलेल्या माणसाला खरं बोलणं किती जड जातं हे ज्याच्या गळ्यात पडलाय त्यालाच माहीत. त्याच्या मनात एवढंच आलं, की कंपनीनं मागाहून कुणा दुसऱ्या गड्याकडून त्याच ओव्या म्हणून घेतल्या. घरी जाताना आसराबाई म्हणाली, "त्यायला माझा आवाज पसंत पडला नसंल. फेकून देला." बिरू म्हणाला, "असंल." त्या दिवसापासून आसराबाई ना रानात गायली, ना लग्नात. बिरूच्या हे ध्यानात आलं नाही असं नाही. पण बिरूचा आता बिरूबुवा झाला होता, आणि बुवांना फार कामं असतात.

मुख्य काम म्हणजे आवाज सांभाळणं. बुवांचा खरा आवाज इतका पातळ, की कुणालाही हाक मारली तरी शेळीच ओ द्यायची. म्हणून ते आता हनुवटी छातीला लावून, जाड आवाजात, मोजकं बोलत. लोकांना वाटे, काय भारदस्त माणूस! कुणीतरी विचारलं, बुवा, ती मधी घंटा कोन वाजवतंय? "मीच," बुवा म्हणाले. एवढं खोटं बोलायची खरं तर काही गरज नव्हती.

असं बाविसेक वर्षं सुखानं चाललं. मग रामकिसनच्या घरी बेबीनंदा सून म्हणून आली आणि येताना कॉम्प्युटर घेऊन आली.

जाफराबादच्या दुकानात एका बाजूला रामकिसनचे भोंगे, दुसऱ्या बाजूला सुनेचा कॉम्प्युटर. ती लग्नपत्रिका छापी, कॅसेटवरची गाणी सीडीवर भरून देई. सासऱ्याच्या डोक्यात आलं, यंदाच्या बिरोबाच्या जत्रेला आपल्या बुवांची सीडी काढायची. तो स्वतः वाडीत आला आणि पारावर सगळ्यांपुढं बोलला, "रेकॉर्डीत दोनच ओव्या हायत. सीडीत घंटाभर गानं मावतं म्हन्ती बेबीनंदा. मंग बाकीच्या ओव्या बुवा आता म्हन्तील. बराबर हाये का न्हाई बुवा?"

बुवांची दोन बोटं आपोआप कंठावर गेली.

"घशाचं काय न्हाई. डागदरकडून गोळ्या आनल्यात मी," रामकिसननं पुडीच पुढं केली.

त्या रात्री बुवांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी त्यांनी जाहीर केलं, की रेकॉर्ड सापडत नाही, बहुतेक उंदरांनी खाल्ली. आसराबाईनं ट्रंक उघडली आणि लग्नातल्या शालूच्या घडीतून रेकॉर्ड काढली. "भरून घ्या. नातवंडायला तुमचं नाव तरी ऱ्हाईल," ती म्हणाली. ढोल मागं टाकून निघाल्यावर जीपमध्ये बुवा म्हणाले, "दे, मी धरतो." रस्त्यात खड्डे चिक्कार होते आणि बुवांचा बेत साधा होता. पण आसराबाईनं रेकॉर्ड पोटाशी धरली ती जाफराबाद येईपर्यंत सोडली नाही.

दुकानात माणसं जमली होती. रामकिसनच्या जुन्या मशीननं मागच्या दिवाळीत राम म्हटला होता. बेबीनंदानं जालन्याच्या जुन्या बाजारातून दुसरं शोधून आणलं होतं, लाकडी पेटीतलं, सगळे खटके चालू असलेलं. तिनं रेकॉर्ड रिठ्याच्या पाण्यानं धुतली आणि मऊ धोतराच्या फडक्यानं टिपली. बावीस वर्षांचा धुरळा पाण्यात उतरला. सुई उडू नये म्हणून दांड्याच्या टोकावर आठ आण्यांचं नाणं चिकटवलं. मग वायरी आल्या.

"थेट कॉम्प्युटरला लाव ना," रामकिसन म्हणाला.

"आबा, रेकॉर्डीचा आवाज लई बारीक ऱ्हातो. आधी तुमच्या अॅम्प्लिफायरातून मोठा करावा लागंल, मंग कॉम्प्युटरात."

तिनं तसं केलं. पण सासऱ्यानं मदत म्हणून वायर कॉम्प्युटरमागच्या गुलाबी भोकात खुपसली, ते भोक माइकचं. आवाज असा फाटला की बाहेर चहा पिणारा एक जण कप घेऊन पळाला. वायर निळ्या भोकात गेल्यावर फाटणं थांबलं आणि घरघर सुरू झाली. घर्रर्र, एकसारखी, गिरणी चालू असल्यासारखी. बिरूबुवांना ती घरघर फार आवडली.

"जाऊ द्या," ते जाड आवाजात म्हणाले, "नशिबात न्हाई."

"नशीब न्हाई बुवा, अर्थिंग न्हाई," बेबीनंदा म्हणाली. तिनं एक वायर दाराबाहेर नेऊन जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला बांधली. "जरा पानी टाका बरं त्या सळईपाशी." दारात बुवाच उभे होते. हातात तांब्या आला. सगळे बघत होते, तेव्हा ओतल्याशिवाय सुटका नव्हती. पाणी जमिनीत मुरलं आणि घरघर बंद झाली. बुवांनी स्वतःच्या हातानं स्वतःचा शेवटचा आधार बुडवला.

मग लाइट गेली. बुवांनी मनातल्या मनात बिरोबाला नारळ बोलला. पण लोडशेडिंग संपून लाइट आली, आणि नारळ अंगावर राहिला तो राहिलाच.

बेबीनंदानं रेकॉर्डवरची बारीक अक्षरं वाचली, खटका सरकवला आणि सुई टेकवली. कॉम्प्युटरच्या काचेवर हिरवी रेघ थरथरली.

बाईचा आवाज आला.

कोवळा, मोकळा, माळावरून हाक यावी तसा आवाज. ओळ संपली आणि मागं कुणीतरी पातळ आवाजात ओरडलं, "हो जीऽ!" दुकानातली माणसं एकाच वेळी बुवांकडं वळली. हनुवटी छातीला लावून बावीस वर्षं लपवलेला आवाज तो. पण बुवांचे सोबती बुवांबरोबरच मेंढरं राखून म्हातारे झाले होते, तो ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"बंद कर, बंद कर!" रामकिसन ओरडला. "जल्दी फिरून राह्यली ती. बुवांचा आवाज असा हाये का?"

बेबीनंदानं खटका मागं घेतला. तोच जुना भरदार गडी गायला लागला, ठण्ण करून घंटा वाजली. "हां, हे आपले बुवा!" रामकिसनचा जीव भांड्यात पडला. तिनं खटका पुन्हा पुढं सरकवला. पुन्हा बाई.

"आबा, हिच्यावर मिनिटाला पंचेचाळीस फेरे छापलेत. तुमचं जुनं मशीन तेहतीसवर आडकेल व्हतं. रेकॉर्ड हळू फिरली की बाईचा बाप्या होतो."

"मंग आकडाच चुकीचा छापला असंल कंपनीनं!" रामकिसननं इतक्या वर्षांत इतक्या जत्रांत ज्या आवाजापुढं हात जोडले होते, तो सोडून द्यायला तो तयार नव्हता. "बुवा सांगतील ते खरं. बुवा, तुमी निस्ती मान हलवा, आपून हळूवालीच भरू. आन घसा ठीक नसंल तर ऱ्हाऊ द्या बाकीच्या ओव्या. दोनच्या दोन भरू."

बघा, म्हणजे देवानं द्यावं ते सगळं रामकिसननं एका वाक्यात दिलं. मान हलवायची की झालं. गाणं नको, माइक नको. जत्रेतली पुढची बैठक, शेला, नारळ, 'या बुवा, बसा बुवा', सगळं आहे तसं. मान हलवण्यात तर बुवांचा हात कुणी धरला नसता.

बुवा मान हलवणारच होते. पण रेकॉर्ड अजून फिरत होती, आणि ती पंचेचाळीसवर होती. बाईच्या आवाजामागं किणकिण वाजली. घंटा नव्हे, बारीक, चांदीची. आसराबाई कोपऱ्यात फरशीवर बसली होती. तिनं डोळे पुसायला हात वर केला आणि तिच्या मनगटात तीच किणकिण झाली. तिनं हात तिथंच थांबवला. मग मुद्दाम हलवला, आणि पुन्हा ऐकलं.

"आवो," ती बिरूला म्हणाली, "त्यायनं माझा आवाज फेकला न्हवता?"

दुकानात इतकी माणसं होती, पण ते तिनं एकट्या बिरूला विचारलं होतं. बावीस वर्षं ही बाई आपला आवाज टाकाऊ आहे असं समजून गप्प बसली होती. आणि आपण तिला "असंल" म्हणून पारावर जाऊन बसलो होतो. बिरूला इतकी लाज वाटली की घसा खरोखरच बसला.

त्यानं मफलर सोडला. गळा गोराच्या गोरा राहिला होता, पाळण्यातल्या पोराचा असतो तसा. हनुवटी वर करून, आपल्या खऱ्या पातळ आवाजात तो म्हणाला, "न्हाई फेकला. तुझाच हाये. रामकिसन, पंचेचाळीसवर भर. ही गायल्ती. मी निस्ता 'हो जी' म्हन्लो."

रामकिसनचा चेहरा बघवत नव्हता.

"आन घंटा?" त्यानं शेवटची आशा धरून विचारलं.

"घंटा न्हवती. हिचे गोठ हायत ते."

"म्हंजी घंटा पन तू वाजवली न्हाईस?" सगळ्यांत जास्त राग रामकिसनला त्याचाच आला. जाड आवाजाचं त्यानं एक वेळ सोडून दिलं असतं, पण त्या घंटेवर त्याची भक्ती होती. तो तरातरा बाहेर गेला, चहावाल्यापाशी उभा राहिला, आणि थोड्या वेळानं सगळ्यांसाठी चहा सांगून परत आला. बिरूकडं न बघता सुनेला म्हणाला, "सीडीत जागा किती उरली?"

"सगळीच, आबा."

"मंग मावशीला माइक दे."

आसराबाई लाजली, नको म्हणाली, मला आता कुठं येतं म्हणाली, आणि असं म्हणत म्हणत पदर खोचून माइकपुढं येऊन बसली. बेबीनंदानं एकदा हिरवी रेघ तपासली आणि तिच्या मनगटाकडं बोट दाखवलं. "मावशी, ह्याचा आवाज लागंल. निघतील का?"

ते तर तेव्हाही निघाले नव्हते. बिरू पुढं झाला. त्यानं आपला मफलर तिच्या मनगटाला गुंडाळायला घेतला, म्हणजे गोठ वाजायचे नाहीत.

तिनं हात मागं घेतला.

"वाजू द्या," ती म्हणाली. "त्याच्यावरूनच तर मी मला वळखलं."

बिरूनं मफलर खुंटीला टांगला आणि ढोल पुढं ओढला.