काचेखालची चिठ्ठी

"हा शिक्का म्हणजे रुसलेला जावई! चारदा मनधरणी करावी तेव्हा उठतो, तोही अर्धाच."

नोंदणीबाई स्वतःशीच पुटपुटल्या. मृत्युनोंदणीच्या खिडकीमागे बसून त्यांना सतरा वर्षं झाली होती. गुडघे धरलेले, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, आणि चहा कायम गार.

टेबलावर जाड काच होती आणि काचेखाली आधीच्या कारकुनाची पिवळी पडलेली चिठ्ठी. आत्महत्येची नोंद आली की शेऱ्याचा रकाना कोरा सोडायचा नाही, अशी कचेरीची पद्धत. म्हणून त्याने तयार वाक्यं लिहून ठेवली होती. म्हाताऱ्यांना 'आजारास कंटाळून', संसारी माणसांना 'घरगुती भांडणास कंटाळून', पोरासोरांना 'अपयशामुळे'. वय पाहायचं, वाक्य उतरवायचं, पुढचा कागद ओढायचा. शिवाय तसला कागद आला की बाईंना तो कधी एकदा हातावेगळा करते असं होई. का, ते त्या स्वतःलाही सांगत नसत.

त्या दिवशी खिडकीशी एक साठीची बाई आली. गळ्यात मापाची फीत तशीच लोंबत होती. शिवणयंत्रावरून उठून थेट आली असावी. तिने दाखला पुढे सरकवला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

'घरगुती भांडणास कंटाळून आत्महत्या केली.' अक्षर बाईंचंच होतं.

"हो. काय चुकलंय मावशी, नाव की तारीख?"

"नाव बरोबर आहे. माझाच मुलगा, मीच ठेवलेलं नाव. भांडण कुठलं, ते सांगा."

"अहो, तसं लिहायची पद्धत आहे."

"मी त्याच घरात राहते. भिंती पातळ, माझे कान तिखट. मला ऐकू न आलेलं भांडण तुम्हाला इथवर ऐकू आलं?"

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"पोलिसांच्या कागदात नाही, डॉक्टरांच्या कागदात नाही," मावशी म्हणाल्या. "तुमच्याच कागदात आलं कुठून?"

"एवढं कोण वाचतंय, मावशी!"

"सगळे वाचतात! सून त्याच्या जागी कारखान्यात लागणार होती. तिथल्या साहेबानं हीच ओळ मोठ्यानं वाचली आणि तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. चार दिवस झाले, भिंतीकडे तोंड करून पडलीय. म्हणते, 'आई, मीच मारलं का हो त्यांना?' बाई, माझा एक गेला. तुमच्या ओळीपायी दुसरी नाही जाऊ देणार मी!"

बाईंनी पदराने कपाळ पुसलं. "मग काय, लपवू? अचानक मृत्यू म्हणून लिहू?"

"लपवा कोण म्हणतंय? आत्महत्येनं गेला, तेवढं खरं आहे. तेवढंच लिहा. का गेला, ते मला आईला कळलेलं नाही. रात्रंदिवस उसवत बसलेय, धागा सापडत नाही. तुम्हाला एका मिनिटात कसा सापडला?"

बाईंनी काचेखालच्या चिठ्ठीकडे पाहिलं. सतरा वर्षांत किती वेळा उतरवली होती ती वाक्यं? आणि ती घेऊन किती घरं भिंतीकडे तोंड करून पडली असतील?

"आत येऊन बसा, मावशी."

त्यांनी पट्टी घालून काचेखालची चिठ्ठी ओढून काढली आणि टराटरा फाडली. दुरुस्तीचा अर्ज भरला. नव्या दाखल्यावर कारणापुढे एकच शब्द लिहिला, आत्महत्या. शेऱ्याच्या रकान्यात आडवी रेघ ओढली.

"वरचे विचारतील," शेजारच्या टेबलावरून आवाज आला.

"विचारू देत! सांगेन, मला माहीत नाही म्हणून लिहिलं नाही!"

शिक्का याही वेळी अर्धाच उठला. त्यांनी तो दुसऱ्यांदा मारला.

मंडळी, अशा ओळी आपणही लिहितोच की! जिन्यात, दारात, मयताच्या घरून परतताना. 'बायकोच तशी होती,' 'मार्क कमी पडले असतील.' ठाऊक नाही ते लिहू नये, बोलूही नये. खरं आहे ते लाज न धरता, कोणाला दोष न लावता सांगावं. आणि मागे राहिलेल्याला आधी विचारावं, जेवलास का?

दाखल्याची घडी घालता घालता मावशी म्हणाल्या, "सुनेला दाखवते. पण बोलू काय तिच्याशी? येणारे-जाणारे हवापाण्याचं बोलून उठतात. ज्याच्या घरात हे घडलंय असं कोणी भेटलं असतं, तर..."

बाईंनी टोपण लावून पेन खाली ठेवलं. त्यांच्या घरातही एक तयार वाक्य होतं. 'तापाने गेला.' अकरा वर्षं नवऱ्याला, मुलांना, पाहुण्यांना त्या तेच सांगत आल्या होत्या.

"कचेरी सुटली की मी येते तुमच्याकडे. तिच्याजवळ बसेन."

"तुम्ही? तुम्ही कशाला?"

"माझा धाकटा भाऊ, मावशी," बाई म्हणाल्या. "तो आत्महत्येनं गेला."