ओढून ओढून लांबलेली टेप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे, शिंप्याच्या गळ्यातली, साठ इंची, कापडी. एके काळी मी पिवळीधमक होते. आता माझ्यावरचा सातचा आकडा पुसला गेला आहे आणि टोकाची पितळी पट्टी सैल झाली आहे. दुकानातल्या एका खिळ्याला मी लटकत असते आणि समोरच्या कात्रीकडे बघून जळत असते. खोटे कशाला बोलू?

कारखान्यातून मी थेट मास्तरांच्या दुकानात आले. आमचे मास्तर म्हणजे कोट शिवणारे कारागीर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला मेजावरच्या लाकडी पट्टीशेजारी ठेवले. ही पट्टी मेजाला खिळे ठोकून पक्की बसवलेली आहे. माझे आकडे तिच्या आकड्यांशी तंतोतंत जुळले. "खरी आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मला गळ्यात घातले. त्यांचा क्रम ठरलेला होता. अंगाचे माप माझ्यावर घ्यायचे, ते वहीत लिहायचे, मग लाकडी पट्टीने कापडावर खडूच्या खुणा करायच्या आणि शेवटी कात्री उचलायची.

या शेवटच्या पायरीनेच माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मोजायचे मी, आणि कौतुक कात्रीचे! तिला दर महिन्याला धार, वरून तेलाचे बोट, निजायला चामड्याचे म्यान. मला काय? मास्तरांच्या मानेचा घाम. गिऱ्हाईक म्हणे, "वा मास्तर, काय काप आहे!" काय माप आहे, असे कुणी कधी म्हटले नाही. रात्रंदिवस मी एकच इच्छा धरून होते, की मास्तरांनी मलाच हातात घ्यावे, पुन्हापुन्हा घ्यावे आणि त्या कात्रीला गंज चढावा.

मित्रांनो, माझी इच्छा पुरी झाली. कशी ते ऐका.

बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या एका गृहस्थांनी मास्तरांकडून कोट शिवून घेतला. दोनच दिवसांत ते परत आले. म्हणाले, "मास्तर, कोट झकास आहे. फक्त वाजवायचं तेवढं बंद करायला लागेल." आणि त्यांनी ट्रम्पेट तोंडाला लावण्यासाठी हात उचलले. बाह्या सरसर वर चढल्या, मनगटे चार बोटे उघडी पडली! मास्तर ओशाळले, पण लगेच विचाराला लागले. नेमके काय चुकले? माप हात सरळ सोडून घेतले होते, आणि या माणसाचा हात कायम वाकलेला. मग आता काय करायचे? त्यांनी गृहस्थांना ट्रम्पेट धरायला लावले, वाकल्या हातावर नवे माप घेतले, उरलेल्या कापडातून नव्या बाह्या लावून दिल्या. वहीच्या पहिल्या पानावर लिहिले, "बाहीचे माप हात वाकवून. आधी कामधंदा विचारणे." एका संध्याकाळचे काम. गृहस्थ शीळ घालत गेले.

खरे म्हणजे गोष्ट इथेच संपायला हवी होती.

पण दुसऱ्या दिवसापासून मास्तरांचे दळण सुरू झाले. लोक किती हसले असतील? आधीच्या कोटांचे काय? आपल्याला हे काम येते तरी का? प्रश्न तेच, उत्तर मात्र एकाचेही नाही. आणि विचार करताना माझी दोन्ही टोके मुठीत धरून खाली ओढायची त्यांना सवय लागली. विचार आला की ओढ. आठवण आली की ओढ. एकेक माप ते सात-सात वेळा घेऊ लागले. कात्री म्यानात पडून होती आणि मी दिवसभर त्यांच्या हातात! मी हरखून गेले. आता कळेल तिला, असे मनात म्हणत मी टेचात मिरवले.

त्या ओढाओढीने माझे अंग सैल पडत गेले. एका जुन्या गिऱ्हाइकाचा, पोस्टमनचा, हात वहीत चोवीस इंच होता, तो माझ्यावर साडेतेवीस भरू लागला. माणसाचे हात कधी आखडतात का? दोष माझा आहे हे मला कळत होते. पण मी गप्प बसले, कारण सांगितले असते तर गळ्यातून उतरावे लागले असते. मास्तरांना वाटले, आपलेच चुकते आहे. मग ते आणखी मोजत आणि मला आणखी ओढत.

अशातच त्यांच्या लेकीला दूरच्या शहरात, नकाशे काढणाऱ्या कार्यालयात पहिली नोकरी लागली. सोमवारी निघायचे होते. तिला वडिलांच्या हातचा कोट घालूनच जायचे होते. करड्या रंगाचे सुरेख कापड आणले, मास्तरांनी खुणा केल्या आणि पुसल्या. पुन्हा केल्या, पुन्हा पुसल्या. शुक्रवार उजाडला तरी कापड अखंडच.

"बाबा, तुम्ही मोजताय की घाबरताय?" लेकीने विचारले.

"अगं, माप जुळतच नाही. सकाळी एक, दुपारी दुसरं. हातच बिघडलाय माझा. तू आपला तयार कोट घे बाजारातून."

लेकीचा चेहरा पडला. काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, बटणांची काजे करता करता म्हणाल्या, "हात बरा आहे हो. तो ट्रम्पेटवाला कधीच विसरला, तुम्हीच अजून त्याचा कोट घालून फिरताय."

लेक मेजाजवळ आली. मग म्हणाली, "आम्हाला नकाशाच्या वर्गात शिकवलंय, माप चुकलं की माणसावर घसरायच्या आधी पट्टी तपासायची." तिने मास्तरांच्या गळ्यातून मला काढले आणि लाकडी पट्टीशेजारी ठेवले. माझा चोवीसचा आकडा तिच्या साडेचोविसावर जाऊन बसला. मी लाजेने मेले.

मास्तरांनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवले. "म्हणजे मीच ओढून ओढून..."

"हो. पण हे एकदाच म्हणा, बाबा. मग नवी टेप आणा."

मास्तर मोठ्याने हसले. कितीतरी दिवसांनी! नवी टेप आली. लेकीने हात वाकवला, मास्तरांनी एकदा मोजले, पडताळ्यासाठी पुन्हा एकदा मोजले आणि कात्री उचलली. कापडावरून गेलेला तिचा तो करकर आवाज माझ्या काळजावरून गेला.

सोमवारी लेक दारात उभी राहिली. अंगात करडा कोट. तिने ट्रम्पेटवाल्यासारखे दोन्ही हात तोंडाशी नेले. बाह्या मनगटावरून हलल्या नाहीत. काकूंनी डोळे पुसले. लेकीने कात्रीलाही हात लावून नमस्कार केला. माझ्याकडे कुणी पाहिले नाही. मला हेवा वाटला, फार वाटला. पण तो कोट माझ्या हट्टापायी कापलाच गेला नसता, हेही त्याच वेळी कळले.

आता मास्तरांचे हात नव्या टेपकडे ओढायला गेले, की ते एकदा खिळ्याकडे बघतात. मी तिथे अर्धा इंच जास्त लोंबत असते. मग ते हात खाली घेतात.

म्हणून मित्रांनो, चुकलात तर जरूर मोजा. काय चुकले आणि आता काय करायचे, एवढे सापडले की कात्री उचला. तेच माप तिसऱ्यांदा घ्यावेसे वाटले, तर आपल्या टेपला एकदा दुसऱ्या कुणाच्या पट्टीशेजारी ठेवून बघा. टेप आपणहून सांगत नाही. मी कुठे सांगितले होते?