गुडघ्याचं माप

चाळीस वर्षं शिलाई मशीनचं पायडल मारलं. गुडघा झिजेल अशी तयारी ठेवली होती, तर मेल्यात पू झाला. तीन आठवडे इस्पितळात पडून आहे. हाताला सलाईन, आणि दर सोमवारी गुडघ्याची सोनोग्राफी. सांध्यातलं पाणी उतरतंय की नाही, त्यावर डॉक्टर ठरवणार होते: औषधांनी भागेल, की गुडघा उघडून धुवायचा. मागच्या सोमवारी नऊ मिलिमीटर होतं. या वेळी उतरलं नाही तर ऑपरेशन, असं त्यांनी बजावलं होतं.

आज सोनोग्राफीवाली मुलगी नवी होती. तिने थंडगार जेल फासलं, यंत्र फिरवलं आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "चार, काकू. छान उतरलंय."

मी बाहेरच्या बाकावर बसून लगेच मुलाला फोन लावला. ऑपरेशन होईल म्हणून तो आज रात्री निघणार होता, वर्षभराने.

"अरे, चारच राहिलंय!"

"हुश्श! मग सुट्टी नको म्हणून सांगतो, आई. साहेब तसाही कुरकुरतोय."

"हो, सांग की," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला तेव्हा आनंद निम्मा झाला होता, खोटं कशाला बोलू.

पायजमा खाली ओढताना गुडघा नेहमीसारखाच ठणकला. मग ध्यानात आलं. दर सोमवारी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवतात, पाय जरासा वाकवून माप घेतात. आज पाय सरळ होता. बाहीचं माप सरळ हातावर घेतलं की कोपर वाकवल्यावर बाही आखूड पडते, हे मी शिकाऊ मुलींना ओरडून ओरडून सांगत आलेय.

गप्प बसावं, असं वाटलं. चांगली पाच मिनिटं बसलेही. चार हा आकडा फार गोड होता. पण चुकीच्या मापावर कापड कापलं की वाया जातं, आणि इथे तर माझाच पाय. लंगडत पुन्हा आत गेले.

"पोरी, टॉवेल राहिला."

ती गोरीमोरी झाली. टॉवेल ठेवून पुन्हा यंत्र फिरवलं. अकरा.

"पाय सरळ असला की पाणी बाजूला पसरतं," ती ओशाळून म्हणाली. "बरं झालं बोललात, काकू."

"डोंबल बरं झालं," मी म्हणाले.

डॉक्टरांनी उद्या सकाळची वेळ दिली. घरचं कोण येणार, तेही विचारलं. मी पुन्हा फोन लावला. कुणाला ये म्हणायचं तर माझी जीभ जड होते. तरी म्हणाले, "माप चुकलं होतं रे. उद्या ऑपरेशन आहे. ये, मला भीती वाटतेय."



"आत्ताच साहेबांना सुट्टी नको म्हणून सांगितलं गं. आता परत कोणत्या तोंडाने मागू? बघतो."

बघतो म्हणून पायरी उतरलेली गिऱ्हाइकं मी खूप पाहिली आहेत. "बघ हं," एवढंच म्हणाले.

नर्सने संमतीचा कागद पुढे केला. खाली नातेवाइकाची सही, आणि तिच्याशेजारी रुग्णाशी नातं.

"मुलगा येईपर्यंत थांबायचं का, काकू?" तिने विचारलं.

मी पेन मागून घेतलं. सही केली आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, स्वतः.