हिरीबाईने आणलेलं रीळ

नारसिंगला मासा ओढून नेत होता, त्या वेळी हिरीबाई अंगणात मक्याची कणसं सोलत बसली होती. बातमी आली तीही अर्धीच आली. शेजारच्या योहानची बायको धापा टाकत आली आणि म्हणाली, "वहिनी, नारसिंगभाऊ पाण्यात गेला." हिरीबाईने कणीस टाकलं आणि तशीच पळत सुटली. उकाई धरणाच्या फुगवट्याचं पाणी गावाखालच्या टेकडीला येऊन भिडतं, तिथवरची वाट ती कशी पळाली हे तिला पुढे कधी आठवलं नाही. खडकावर पोचली तर नारसिंग योहानच्या होडीला पाठ टेकून बसलेला. ओलाचिंब, पांढराफटक, पण जिवंत. उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला होता आणि टॉवेल लाल झाला होता.

झालं होतं ते असं. नारसिंग तरुणपणापासून हातदोरीने मासे धरत आला होता. गळाला बोटाएवढी जिवंत मासळी लावायची, तंगुसाची, नायलॉनची दोरी लांब फेकायची, दुसरं टोक मनगटाला गुंडाळायचं आणि खडकावर उभं राहायचं. त्या दिवशी लागला तो शिंगाळा होता की आणखी काही, कुणी पाहिलं नाही. त्याने असा हिसका दिला की शेवाळलेल्या खडकावरून नारसिंगचे पाय सुटले. तंगूस दोन बोटांत रुतला, सोडवता येईना, आणि मासा खोल पाण्याकडे निघाला. योहान जाळं टाकायला जात होता म्हणून बरं. त्याने होडी वळवली आणि विळ्याने दोरी कापली.

नवापूरच्या दवाखान्यात टाके पडले. बोटं वाचली, पण उजव्या हाताची मधली दोन बोटं पुढे वाकेनात. घरी आल्यावर हिरीबाईने नवऱ्याचा चांगला हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला.

"म्हण, पुन्हा गळ टाकणार नाही."

"नाही टाकणार," नारसिंग म्हणाला. जरासुद्धा हुज्जत घातली नाही.

पहिले काही आठवडे हिरीबाई सुखात होती. माणूस डोळ्यांसमोर आहे, कोरडा आहे, अजून काय पाहिजे? मग हळूहळू तिच्या लक्षात येऊ लागलं की घरात बसलेला नारसिंग म्हणजे पाण्याबाहेर काढलेला मासाच. सकाळी उठायचा, ओट्यावर बसायचा आणि ऊन सरकेल तसा आपण सरकायचा. योहान बोलवायला यायचा तर "डोकं दुखतं" म्हणायचा. पूर्वी घरी आला की कुठल्या बुडीत झाडापाशी मरळ उडाली, कुठे पाणी गार लागलं, हे तासभर सांगणारा माणूस. आता जेवताना मीठ मागण्यापुरतं बोलायचा. डाव्या हाताने घास घेताना सांडलं की ताट बाजूला सारायचा.

हिरीबाईला वाटलं, हे आपण केलं. आपल्या शपथेने केलं.

मुलगा इमॅन्युएल नवापूरला पोल्ट्रीत कामाला होता. रविवारी प्रार्थना आटोपून तो घरी आला, तेव्हा तिने त्याला विहिरीकडे नेलं आणि विचारलं, "सुरतेहून ते लोक गाडी घेऊन येतात, काठीला चरखा लावून मासे धरतात. त्यांना मासा ओढत नाही का?"

"त्याला रीळ म्हणतात, आई. दोर हाताला बांधावाच लागत नाही. रिळात गुंडाळलेला असतो."

"आणि मासा माणसापेक्षा जोरदार निघाला तर?"

इमॅन्युएलला ते नीट सांगता येईना. "मोठं रीळ घ्यायचं," तो म्हणाला. "मोठं असलं की काही होत नाही."

हिरीबाईचं त्याने समाधान झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर नवापूरला जाणाऱ्या जीपमध्ये बसली. नारसिंगला सांगितलं, डाळ दळायला टाकते.

बाजारात धुडकूशेठचं दुकान होतं. जाळी, दोरखंड, ताडपत्र्या, गळ असा सगळा माल. सुरतकडचे हौशी लोक येऊ लागल्यापासून त्याने एका काचेच्या कपाटात काठ्या आणि रिळंही ठेवली होती. धुडकू मूळचा नंदुरबारकडचा. बोलायचा अहिराणीत, समोर कुणीही असो.

"कितला मोठा मासा धरना शे, मावशी?"

"माणसाला ओढून नेईल एवढा," हिरीबाई म्हणाली.

धुडकूने तिच्याकडे पाहिलं, कपाट उघडलं आणि सगळ्यांत मोठं रीळ काढून ठेवलं. समुद्रावर वापरतात तसलं, नारळाएवढं. इमॅन्युएलचे डोळे चमकले. "हेच, आई." हिरीबाईने धुडकूला ते काठीला बसवायला लावलं आणि काठी एका हाताने पुढे धरून उभी राहिली. थोड्याच वेळात दंड थरथरायला लागला.

"हे दिवसभर कोण धरेल? आणि फेकणार कसं?"

"जिवंत मासळी लावी द्यानी अन् काठी ठेवी द्यानी. हातमा कसाले धरनी?"

"तो नुसता बसणारा माणूस नाही, शेठ. सकाळी काठाकाठाने फिरतो. गळाला कोंबडीचं पांढरं पीस बांधतो आणि पाण्यावरून नाचवतो. मरळ त्याला फसते. दुपारी मासळी लावून खोल पाण्यात टाकतो."

"म्हणजे ल्युअर, खोटं आमिष बी अन् जिवंत आमिष बी," धुडकू म्हणाला आणि या खेपेला त्याने छोटंसं रीळ काढलं. हलकं, मुठीत मावेल असं. ते फेकायला छान होतं. हिरीबाईने त्यावरचा तंगूस पाहिला आणि विचारलं, एवढासा दोर घेऊन मोठा मासा खोल पाण्यात निघाला तर? दोर संपला की पुढे काय?

धुडकूने कान खाजवला. गिऱ्हाईक वेगळंच होतं. मग आतल्या बाजूने एक तिसरं खोकं आलं.

"हाई देख. मझारलं माप. चार हजार."

"चार हजार?" हिरीबाई एक पाऊल मागे सरकली.

"किंमत नही व माय, नंबर शे!" धुडकू हसला. इमॅन्युएलही हसला, आणि मग तीही.

मधल्या मापाचं ते रीळ काळपट रंगाचं होतं. पुढे फिरकी, फिरकीवर तारेची कमान. कमान उघडली की दोर मोकळा, मिटली की पक्का. फिरकीच्या डोक्यावर एक चकती होती. ती आवळली की दोर घट्ट होतो, सैल केली की जोर पडल्यावर सुटत जातो. याला ड्रॅग म्हणतात, असं धुडकूने सांगितलं. आणि रिळाच्या मागच्या टोकाला एक छोटी कळ होती. जिवंत मासळी टाकून काठी ठेवली की ती कळ उघडायची. मासा आमिष घेऊन पळाला तर दोर नुसता वाहत जातो, काठी जागची हलत नाही. आपण उठून हँडल फिरवलं की कळ आपोआप बंद होते आणि पुढची चकती काम करू लागते. ल्युअर फेकताना कळ मिटूनच ठेवायची.

"मासा ओढी तं दोर जाई," धुडकू म्हणाला, "माणूस जागावरच ऱ्हाई."

हिरीबाईने ते ऐकलं, पण तिचा विश्वास बसला नाही. तिने काठी स्वतःच्या हातात घेतली. इमॅन्युएलला म्हणाली, दोराचं टोक धर आणि रस्त्यावर जा.

"आणि?"

"पळ."

"आई, लोक बघतायत."

"पळ म्हणते ना!"

इमॅन्युएल दोर मुठीला गुंडाळू लागला. हिरीबाई एवढ्या जोराने ओरडली की शेजारचा चहावाला बाहेर आला. "हाताला नाही! काटकीला बांध!" मग इमॅन्युएलने एक काटकी शोधली, दोर तिला बांधला आणि काटकी धरून पळाला. हिरीबाईने डोळे मिटून घेतले, पाय रोवले, सगळं अंग ताठ केलं. कर्रर्र असा आवाज झाला. तिने डोळे उघडले. पोरगा रस्त्यापलीकडे पोचला होता, फिरकी गरगरत होती आणि ती होती तिथेच उभी होती. काठी थोडी वाकली होती, बस.

"परत," ती म्हणाली.

तिने चकती आवळायला लावली. या वेळी हिसका बसला आणि ती काउंटरवर जाऊन आदळली. चकती अर्धी सैल केली. तशी काठी वाकली, दोर अडत अडत सुटत राहिला, पण तोल गेला नाही. घट्ट किती, सैल किती, हे तिच्या हातांनाच कळत गेलं. तोवर दुकानासमोर बघ्यांची गर्दी जमली होती. तिचं लक्ष नव्हतं. पावसाळा सरल्यापासून छातीत काहीतरी आवळून बसलं होतं, ते कुठेतरी सैल पडलं होतं. पदराने तिने डोळे पुसले आणि उगीचच म्हणाली, "धूळ आहे फार."

 धुडकूने पाण्याचा तांब्या पुढे केला. मग विचारलं, "नवराना कोणता हात दुखस?"

"उजवा. दोन बोटं वाकत नाहीत."

"मंग काठी डावा हातमा." त्याने रिळाचं हँडल डाव्या बाजूने काढलं आणि उजवीकडे बसवलं. टोकाची चपटी मूठ काढून गोल, लिंबाएवढी मूठ लावली. "बोटं कसाले लागतस? तळहातवरी फिरी."

घरी आल्यावर हिरीबाईने रीळ लावलेली काठी नारसिंगच्या पुढ्यात ठेवली. त्याने ती पाहिली आणि मान फिरवली.

"डाळ कुठे आहे?"

"डाळ नाही आणली. हे आणलं."

"तुझ्या डोक्यावर हात ठेवलाय मी."

हिरीबाई खाली बसली. त्याचा हात उचलून पुन्हा आपल्या डोक्यावर ठेवला. "मीच घातली होती, मीच सोडवते. सुटली. उद्या सकाळी आपण दोघं जाऊ."

नारसिंगने हात काढून घेतला. पण सकाळी ती भाकरी बांधून दारात उभी राहिली, तेव्हा तोही उठला.

सुरुवात काही बरी झाली नाही. पहिल्या फेकीला कमान उघडायची राहिली आणि धुडकूने दिलेला रबरी बेडकाचा ल्युअर पायाशीच आपटला. दुसऱ्या फेकीला तो काठावरच्या बाभळीत अडकला. तिसऱ्याला तंगुसाचा असा गुंता झाला की दोघांनी डोक्याला डोकं लावून सोडवला. पण उन्हं वर आली तसा नारसिंगचा डावा हात वळणावर आला. रबरी बेडूक पाण्यावर पडायचा, उजव्या तळहाताखाली गोल मूठ फिरायची आणि बेडूक टुणटुणत काठाकडे यायचा. मरळ काही लागली नाही. एकदा मात्र बेडकामागे पाणी फुगलं आणि नारसिंग म्हणाला, "आली होती बघ." पुष्कळ दिवसांनी त्याने मासळीबद्दल आपणहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य.

दुपारी खडक सोडून सपाट काठावर दोघं बसली. नारसिंगने गळाला जिवंत मासळी लावली, खोल पाण्यात टाकली, काठी मातीत रोवलेल्या दुबेळक्यात टेकवली. मागची कळ हिरीबाईने स्वतः उघडली. भाकरीचा घास तोंडात होता, एवढ्यात फिरकी वाहू लागली. आधी हळू, मग सरसर.

"लागला! ऊठ!"

नारसिंग उठला नाही. तो काठीकडे बघत होता, आणि चिरलेला हात त्याने पोटाशी धरला होता. चेहरा त्या दिवशीसारखा पांढरा पडला होता.

"मला नाही जमायचं," तो म्हणाला. "हिरी, मला भीती वाटते. तू शपथ घातलीस ना, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. कुणी विचारलं तर बायकोने अडवलं म्हणता यायचं. रोज रात्री स्वप्नात तो मासा मला ओढतो."

 एवढे दिवस हिरीबाई स्वतःला बोल लावत होती, आणि हा आपला एकटाच भीत बसला होता. तिला एकदम हलकं वाटलं, आणि त्याची दयाही आली.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "म्हणून तर मी दुकानात ओढून बघितलं. पोरगा सगळा रस्ता ओलांडून पळाला, मी हलले नाही. बघ, काठी तरी हलतेय का? तो दोर नेतोय, नेऊ दे."

तिने काठी उचलून त्याच्या डाव्या हातात दिली आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवला. नारसिंगने हँडल फिरवलं. खट्‌ असा आवाज झाला, कळ बसली आणि काठी कमानीसारखी वाकली. त्याने डोळे मिटले. हिसका आला, दोर कर्रर्र करत सुटला. नारसिंगचे पाय मातीत होते तिथेच राहिले.

त्याने डोळे उघडले, स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग पाण्याकडे.

"जाऊ दे त्याला," हिरीबाई म्हणाली. "दमला की आण."

मासा तीनदा लांब गेला, तीनदा नारसिंगने आणला. तिसऱ्या वेळी हिरीबाईने हात काढून घेतला होता, हे त्याला कळलंही नाही. चौथ्यांदा मासा बुडालेल्या सागाच्या खोडाकडे वळला. दोर खोडाला घासला आणि तुटला. काठी ताडकन सरळ झाली.

हिरीबाईला वाटलं, आता हा खचणार. पण नारसिंग मोठ्याने हसला. हसता हसता खाली बसला.

"चांगला वजनाचा होता. शिंगाळाच. चकती जरा आधी आवळायला पाहिजे होती, वळला तेव्हाच. आणि उद्या त्या खोडाच्या अलीकडे टाकायचं. पलीकडे सगळी झाडंच आहेत खाली, मला ठाऊक आहे, मी ती उभी असताना पाहिलीत..."

तो बोलत राहिला. बोलता बोलता डाव्या हाताने आणि दातांनी नवा गळ बांधू लागला. हिरीबाईने भाकरीचं फडकं घडी करून डोक्याखाली घेतलं आणि काठावर आडवी झाली. पाण्यावरून गार वारा येत होता. तो काय सांगतोय त्यातलं तिला निम्मंच ऐकू आलं, कारण तोवर तिला गाढ झोप लागली होती.