पट्टीखालचं कलम

कांद्याची पातळ साल चिमट्यानं काचपट्टीवर ठेवून विज्ञानाच्या बाईंनी तिच्यावर आयोडीनचा थेंब सोडला आणि त्यांच्या पोटात एकदम ढवळून आलं. त्यांनी टेबलाची कड धरली. सातवीच्या मुली सूक्ष्मदर्शकाभोवती ढकलाढकली करत होत्या. त्यांतल्या एकीचं मात्र बाईंकडे लक्ष होतं.

"बाई, तुम्ही रडताय?"

"कांदा आहे गं. कांदा कुणालाही रडवतो. डोळा लाव आत आणि काय दिसतं ते सांग."

"विटांची भिंत!" मुलगी ओरडली. बाई हसल्या. दरवर्षी मुली हेच सांगत आणि दरवर्षी बाईंना ते नव्यानं आवडे.

पोटात का ढवळतंय हे त्या दिवशी जगात दोघांनाच ठाऊक होतं. सकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून स्वयंपाकघरात आला होता, आणि त्यांच्या गालाला साबण लावून परत गेला होता. लग्नाला चार वर्षं झाली होती. चार वर्षं सासूबाई शेजारणींसमोर "आमच्याकडे कधी पाळणा हलायचा कोण जाणे" म्हणत आल्या होत्या, तेही सून ऐकेल अशा बेतानं. आता त्यांचंही तोंड गोड होणार होतं.

तास संपता संपता शिपाई मावशी नोटीस घेऊन आल्या. ज्यांचा जुना करार संपतो आहे अशा सर्व शिक्षकांचा नवा करार रविवारी, परिवार मेळाव्यात. मेळाव्याला सर्वांनी घरच्यांसह येणे.

या शाळेत शाळेला शाळा म्हणत नसत, परिवार म्हणत. संस्थाचालकांना काका म्हणायचं. काका शिक्षिकांना बेटा म्हणत, डोक्यावरून हात फिरवत, वाढदिवसाला फुलं पाठवत, आणि पगारवाढीचा विषय निघाला की त्यांचे डोळे भरून येत. परिवारात कुणी हिशेब मागतं का? काका विचारत.

"आपलं बरं आहे," शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर म्हणाले. "'काका, मला वाचवा' असं ओरडायचं झालं तर तेसुद्धा काकांपुढेच!"

सगळे हसले. कोपऱ्यात ब्रश पुसत बसलेल्या चित्रकलेच्या शिक्षिका तेवढ्या हसल्या नाहीत. मुली त्यांना चित्रबाई म्हणत. पूर्वी त्या फार हसत, पण गेल्या वर्षी आजारी पडल्या आणि उठल्या त्या गप्पच झाल्या.

*

मेळाव्याआधी घरभेट असे. दुसऱ्या शाळांत शिक्षक मुलांच्या घरी जातात. इथे काका शिक्षिकांच्या घरी जात, फक्त शिक्षिकांच्या. शिक्षकाचा करार शिक्षकाच्या सहीनं होई. शिक्षिकेच्या कराराला मात्र घरातल्या जबाबदार माणसाची सही लागे, नवऱ्याची नाहीतर बापाची. "मुलींच्या मागे घर उभं हवं," असं काका म्हणत, आणि ऐकणाऱ्यांना ते किती मायेचं वाटे!

काका आले ते फळांची करंडी घेऊन. सोबत हेडक्लार्क, त्यांच्या काखेत फाइल. काका सोफ्यावर न बसता सासूबाईंच्या शेजारी खाली चटईवर बसले. आधी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग औषध सुचवलं. धाकटा दीर दोन वर्षं घरी बसून होता. काकांनी त्याला जवळ बोलावलं.

"खेळतोस ना रे? शरीर कमावलंयस चांगलं. शाळेला क्रीडाशिक्षक हवाच आहे. घरातलं माणूस असताना बाहेरचा कशाला?"

सासूबाईंनी पदराला डोळे पुसले. बाई चहा करायला आत गेल्या. आतून त्यांना काकांचं हसणं ऐकू येत होतं, नवऱ्याचं "हो, हो, काका, तुम्ही म्हणाल तसं" ऐकू येत होतं. त्यांनाही बरंच वाटत होतं, खोटं कशाला सांगायचं?

ट्रे घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा करार टीपॉयवर होता. हेडक्लार्क अशा वेळी लाकडी पट्टी बाळगत. ती मजकुरावर आडवी ठेवत आणि सहीची जागा तेवढी उघडी सोडत. वेळ वाचतो, ओळ चुकत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या उघड्या जागेत नवऱ्याची सही झालेली होती आणि शाई अजून ओली होती. हेडक्लार्कांनी कप घ्यायला हात उचलला, त्याबरोबर पट्टी सरकली.

कागद बाईंच्या बाजूनं उलटा होता. पण समोरच्या बाकावरच्या वह्या उलट्या बाजूनं वाचण्यात ज्यांची हयात जाते त्यांना त्याचं काय! त्यांनी उभ्या उभ्या नववं कलम वाचलं.

'करारकाळात शिक्षिका कौटुंबिक कारणास्तव दीर्घ रजा मागणार नाही, तसेच अशी रजा मागावी लागेल अशी परिस्थिती उद्भवू देणार नाही. याची हमी तिच्या घरातील जबाबदार व्यक्ती देत आहे.'

करार तीन वर्षांचा होता.

काकांनी वर पाहिलं. त्यांची नजर बाईंच्या चेहऱ्यावरून खाली उतरली, पोटापाशी क्षणभर थांबली आणि परत वर गेली. "बेटा, सगळं ठीक ना?" ते म्हणाले. त्यांच्या बोटांना फळाचा चिकट रस लागला होता आणि ते एकेक बोट रुमालानं सावकाश पुसत होते. बाईंना अशी शिसारी आली, की त्या ट्रे तिथेच ठेवून मोरीकडे धावल्या.

बाहेर काका म्हणाले, "दगदग होते हो मुलींची. जपा तिला."

*

असलं कलम कायद्यापुढे क्षणभर उभं राहणार नाही, हे काकांना माहीत होतं, हेडक्लार्कांना माहीत होतं. पण ते कोर्टात टिकण्यासाठी लिहिलेलंच नव्हतं. ते घरात टिकलं की पुरे होतं. काकांना कधी कुणा शिक्षिकेवर डोळे वटारावे लागत नसत. ते काम तिच्या घरची माणसं फुकट करत, आणि वर काकांना दुवा देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी स्वतः चहा केला, सुनेच्या हातात कप दिला आणि शेजारी बसल्या. रात्री मुलानं त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"अगं, मला काय आनंद नाही का?" त्या म्हणाल्या. "पण वेळ-काळ बघावा लागतो माणसाला. धाकट्याचं नशीब आता कुठे उघडतंय. माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई आहेत. सकाळी गेलं की संध्याकाळी घरी. कुणाला पत्तासुद्धा लागत नाही."

"आई, चार वर्षं तुम्हीच…"

"मग? चार वर्षं थांबलो ना? आणखी तीन थांबू."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो आरशासमोर दाढी करत होता. तोच साबण, तोच आरसा.

"अहो, तुम्ही ते कलम वाचलं होतं?"

तो वस्तरा धूत राहिला. "वाचलं होतं."

"पट्टी होती ना त्याच्यावर?"

"काकांनी आधी समजावून सांगितलं होतं सगळं. तू आत होतीस." त्यानं आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं. "अगं, एवढं काय त्यात? पुन्हा होईल की."

पुन्हा होईल की! दूध उतू गेलं तर माणूस असं बोलतो. बाईंनी कप खाली ठेवला. या माणसाच्या गालावरचा साबण आपल्या गालाला लागला होता, ही आठवणसुद्धा त्यांना आता नको झाली. त्यांनी तोंड धुतलं, पुन्हा धुतलं आणि शाळेत गेल्या.

मधल्या सुट्टीत त्या चित्रकलेच्या खोलीत शिरल्या. चित्रबाई नळाखाली रंगाच्या वाट्या घासत होत्या. पाण्यातून लाल रंग वाहत होता.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी तुम्हाला नक्की काय झालं होतं?"

चित्रबाईंनी नळ बंद केला नाही. "तुमच्याकडे येऊन गेले वाटतं काका?"

"काल."

"आमच्याकडे फुलं आणली होती. यांना बढतीसाठी शब्द टाकतो म्हणाले. सही झाली, आणि वर्षभरात मला दिवस गेले. हे म्हणाले, मी हमी दिलीये, माझी मान खाली जाईल." त्या वाटी घासतच होत्या. ती केव्हाच स्वच्छ झाली होती. "माझ्या आईनंच नेलं मला. सख्ख्या आईनं. पाचवा महिना लागत होता. तिकडून आले आणि शाळेतून कार्ड आलं. मोठं, फुलांचं. 'लवकर बऱ्या व्हा.' पहिली सही काकांची."

बाईंना आठवलं. शिपाई मावशी ते कार्ड खोलीतून फिरवत होत्या. वह्या तपासता तपासता आपणही लाल पेनानं सही केली होती.

"तुमचीपण आहे त्यावर," चित्रबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता आणि त्यामुळे ते जास्त लागलं. "तुम्हाला काय माहीत म्हणा. यांची बढती झाली. सगळे म्हणतात, काका शब्दाला पक्के."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुणापुढे? सह्या सगळ्या आपल्याच माणसांच्या."

घंटा झाली. चित्रबाईंनी नळ बंद केला आणि वाट्या ओळीनं पालथ्या घालायला लागल्या.

*

रविवारी सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर फुलं होती, छायाचित्रकार होता आणि काका होते, पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून. खाली घरची माणसं नटून बसली होती. दीर इस्त्रीच्या शर्टात पहिल्याच रांगेत होता. सासूबाईंनी शेजारणीलाही सोबत आणलं होतं.

एकेका शिक्षिकेचं नाव पुकारलं जाई. ती वर जाई. हेडक्लार्क पट्टी ठेवत, ती सही करी, काका डोक्यावरून हात फिरवत, फोटो निघे, टाळ्या पडत. बाईंना ते बघवेना. आवळा देऊन कोहळा काढणं त्यांनी ऐकलं होतं. इथे एका नोकरीच्या आशेवर अख्खं पोट काढून घेत होते आणि वर टाळ्या वाजत होत्या!

त्यांचं नाव पुकारलं गेलं. नवरा हळूच म्हणाला, "नीट जा हं. सगळं बोललोय ना आपण?"

आपण! बाई उठून वर गेल्या. टेबलापाशी थांबल्या.

"पट्टी काढा," त्या म्हणाल्या.

हेडक्लार्क हसले. "अहो बाई, ओळ चुकते म्हणून…"

"मी लहान मुलींना ओळीत लिहायला शिकवते. माझी ओळ चुकणार नाही. काढा."

त्यांनीच पट्टी उचलून बाजूला ठेवली, कागद हातात घेतला आणि ध्वनिक्षेपकापाशी गेल्या. शेवटच्या बाकापर्यंत आवाज कसा पोचवायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. नववं कलम त्यांनी शब्द न् शब्द वाचलं. 'परिस्थिती उद्भवू देणार नाही' हे दोनदा वाचलं, वर्गात अवघड ओळ वाचतात तसं.

खाली चुळबुळ सुरू झाली. कुणी खोकलं. नवऱ्याची मान खाली गेली. सासूबाई शेजारणीच्या कानाशी काहीतरी सांगू लागल्या.

"खालची सही माझ्या नवऱ्याची आहे," बाई म्हणाल्या. "माझी नाही, आणि होणारही नाही. मी काय उद्भवू द्यायचं याची हमी देणारे हे कोण?"

"बेटा, बेटा," काका लगबगीनं पुढे आले. त्यांनी ध्वनिक्षेपक आपल्याकडे वळवला आणि त्यांचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला. "मंडळी, गैरसमज नको. बाईंची तब्येत गेले काही दिवस बरी नाही. घरच्यांनीच सांगितलंय मला. आपल्या परिवारातलं माणूस आजारी आहे, आपण सांभाळून घेऊ. या बेटा, बसा."

त्यांनी डोक्यावरून हात फिरवायला हात उचलला. बाई एक पाऊल मागे सरल्या. तो हात तसाच हवेत राहिला आणि छायाचित्रकारानं सवयीनं फोटो काढला.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या. "मी आजारी नाही. मी गरोदर आहे."

सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही, कुणी उठलं नाही. नोकरी गेली हे बाईंना कळत होतं. घरी परत जायचं की नाही हे अजून ठरायचं होतं. त्यांनी करार मधोमध फाडला, तुकडे पट्टीखाली नीट ठेवले आणि पायऱ्या उतरू लागल्या. दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या गुडघ्यांकडे बघत होती. गणिताचे सरही.

त्या दारापाशी पोचल्या तेव्हा मागच्या रांगेत खुर्ची सरकली. चित्रबाई उभ्या राहिल्या होत्या. शेजारून नवरा त्यांचा हात धरून खाली ओढत होता आणि त्या बसत नव्हत्या. त्यांच्यापाशी ध्वनिक्षेपक नव्हता, आवाजही फार मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"काका," त्या म्हणाल्या, "मीसुद्धा आजारी नव्हते."