उरलेल्या गोळ्या

औषधवाल्याच्या घरी काही म्हणजे काही वाया जात नसे. दुकानात गिऱ्हाइकाला पट्टी कापून अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या की उरलेले तुकडे तो घरी आणी. बायकोला कणकण आली, दे एक. घसा धरला, दे दुसरी. बरे वाटले की बंद! गल्लीत त्याला 'अर्धा डॉक्टर' म्हणत आणि त्याला त्याचा अभिमानच होता.

आता त्याच बायकोच्या पायाची जखम तीन आठवडे चिघळत होती. इस्पितळातली चौथी अँटिबायोटिक हरली, तेव्हा त्याने प्रयोगशाळेत काम करणाऱ्या भाचीला गाठले.

"तुझं ते पेप्टाइड दे की गं मामीला! जंतूंची तोंडं बंद करतं म्हणालीस ना?"

"मामा, जंतू एकमेकांना रसायनांनी निरोप धाडतात. पुरेसे जमले की एकदम तुटून पडतात. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा बारीकसा तुकडा. तो निरोप अडवतो. जंतू मरत नाहीत, पण त्यांची एकी मोडते, जोर कमी होतो."

"मग घोडं अडलंय कुठे?"

"काचेच्या बशीत जमलंय. माणसाला द्यायला अजून कित्येक वर्षं. तीही जमलं तर." भाचीचा आवाज खाली आला. "मामा, मामीला जी औषधं लागू पडत नाहीत, ती तुम्हीच वर्षानुवर्षं एकेक गोळी करून दिलीत. त्यानं कच्चे जंतू मेले, चिवट तेवढे उरले."

"अगं, तिच्या भल्यासाठीच..." अरेरे! आपणच ते जंतू पोसले, तेही मायेने!

इस्पितळात खाटेजवळ गेल्यावर बायकोने विचारले, "अहो, नवी गोळी आणलीत?"

"नाही गं. चुकलो मी," म्हणत त्याने सगळे सांगितले.

ती म्हणाली, "मला कुठं माहीत होतं? तुम्ही देत होतात, मी घेत होते. आता दुसऱ्या कुणाला देऊ नका."

जंतू रक्तात पसरले आणि सहाव्या दिवशी ती गेली.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो आपली चूक सांगत राहिला. शेजाऱ्याने ऐकले, डोळे पुसले आणि निघताना दारात हळूच म्हटले, "घसा दुखतोय हो. एखादी गोळी असेल तर..."

"आधी डॉक्टरांना दाखवा!" औषधवाला कळवळून म्हणाला.

शेजारी तोंड वाकडे करून समोरच्या दुकानात गेला. तिथे त्याला गोळी मिळाली.

वाचकहो, अँटिबायोटिक मनाने घेऊ नका, डॉक्टरांनी दिली तर मनाने सोडू नका. नवे औषध येईल तेव्हा येईल. तोवर जी आहेत, ती आपणच आपल्या हातांनी निकामी करत आहोत.